घरपट्टीचं बिल आणि हरकतीचं बटण : प्रकल्प नोंदी

४ सप्टेंबर २०२३, सोमवार

आज काम हातात आलं. एका 'क' वर्ग नगर परिषदेसाठी मालमत्ता कराची ऑनलाइन यंत्रणा. गावाचं नाव या नोंदींत लिहिणार नाही, कारण पुढे लोकांच्या घरांचे आणि थकबाकीचे तपशील येणार आहेत. साधारण अकरा हजार मालमत्ता, करविभागात सहा माणसं, भरणा घ्यायला एक खिडकी. निवडणुका झालेल्या नाहीत, त्यामुळे प्रशासकांचा कारभार. आमच्याकडून चौघं: मी, दोन प्रोग्रामर आणि तपासणी करणारी एक सहकारी.

कागदावर काम चार ओळींचं आहे. नागरिकानं मालमत्ता क्रमांक टाकावा, बिल दिसावं, पैसे भरावेत, पावती मिळावी. दुसऱ्या टप्प्यात घरमालकानं आपल्या घराची माहिती स्वतः भरण्याचा अर्ज. मुदत ३१ मार्च.

७ सप्टेंबर

करविभागात वसुली लिपिक म्हणून एक गृहस्थ आहेत, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. सगळं ऑफिस त्यांना काका म्हणतं, मीही म्हणते. घरपट्टी कशी निघते हे त्यांनी आज मला एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहून दाखवलं. तो कागद मी घेऊन आले आहे, भिंतीला लावलाय.

इथे आकारणी भाडेमूल्यावर होते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे आधी घराचं वार्षिक भाडेमूल्य ठरतं: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, भाग आणि वापर यांवरून दरमहा दर, त्याला बारानं गुणायचं. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा. उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर टक्केवारीनं मालमत्ता कर. पुढे वृक्ष कर. शिक्षण कर राज्य सरकारचा, नगर परिषद तो फक्त गोळा करून भरते. रोजगार हमी कर बिगरनिवासी मालमत्तांनाच. थकलं तर दरमहा २ टक्के शास्ती.

काकांनी हे सगळं पाच मिनिटांत सांगितलं. मी विचारलं, "काका, हे बिलावर कुठे दिसतं?" ते म्हणाले, "बिलावर नुसते आकडे असतात. हिशेब रजिस्टरात." रजिस्टर कपाटात, आणि कपाटाची किल्ली काकांकडे.

मी याआधी पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरवर काम करायची. तिथे व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये कापला जायचा आणि फेब्रुवारीत ३००. दर फेब्रुवारीत कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे फोन यायचे, शंभर रुपये जास्त का कापले म्हणून. कारण अगदी साधं: घटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये या कराला वर्षाला २५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे. अकरा महिने २०० चे झाले २२००, उरलेले ३०० एका महिन्यात. तेव्हा मी पगाराच्या चिठ्ठीवर या अर्थाची एक ओळ घातली आणि पुढच्या वर्षी फोन जवळपास थांबले. आकडा कुठून आला ते कळलं की माणूस निम्मा शांत होतो. आज काकांच्या कागदाकडे बघताना तेच आठवत होतं.

१५ सप्टेंबर

डेटा चार ठिकाणी सापडला: हाताने लिहिलेली मागणी रजिस्टरं, एका जुन्या प्रोग्रामचा डेटाबेस, गेल्या चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या पाहणीच्या वेळी एका खाजगी संस्थेनं दिलेल्या एक्सेल फाइल्स, आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या असलेली एक वही.

जुना डेटाबेस उघडला की नावांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा गुंता दिसतो. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेलं आहे सगळं. फॉन्ट लावला की नाव उमटतं, काढला की चिन्हं. एका पिढीनं सरकारी कचेऱ्यांत असंच मराठी टंकलं, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या साधनांवर आणि बाजारात मिळणाऱ्या फॉन्टवर, आणि त्यांच्यामुळेच कचेऱ्यांचं काम मराठीत होत राहिलं. केंद्र सरकारनं भारतीय भाषांसाठी युनिकोड हे मानक २००९ साली अधिसूचित केलं. आमचा डेटा मात्र तिथवर पोचलाच नव्हता.

अडचण र्‍हस्व वेलांटीची. जुन्या फॉन्टमध्ये ती जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टंकली जाते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवायची असते. बदल करणाऱ्या साधनानं ती पुढच्या एका तुकड्याच्या पलीकडे नेली, पण जोडाक्षर आलं की फसलं. अग्निहोत्री हे आडनाव 'अग्िनहोत्री' असं फुटलं. किसन ठीक, अग्निहोत्री नाही. पूर्ण जोडाक्षर ओलांडून वेलांटी ठेवणारा नियम आज लिहिला. रफारासाठी याच्या उलटा, तो उद्या.

गणपती चार दिवसांवर. ऑफिसमधले सगळे मंडपाच्या परवानग्यांमध्ये अडकलेत.

३ ऑक्टोबर

आज दिवसभर एकाच अक्षरामागे होतो. शोधात 'कऱ्हाडे' टाकलं, काही सापडेना. रजिस्टरात सहा कऱ्हाडे आहेत. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे.

'र्‍ह' मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन तर्‍हांनी साठवता येतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. काही कीबोर्ड एक प्रकार देतात, आमचं फॉन्ट बदलणारं साधन दुसरा देत होतं. माणसाला एकच शब्द दिसतो, संगणकाला दोन. 'ॲड.' लावलेल्या वकिलांच्या नावांचंही असंच. 'ॲ' ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधी लोक 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवायचे. घरक्रमांकात तर '३१२/अ' मध्ये मराठी अंक आणि इंग्रजी अंक दोन्ही.

आता शोधासाठी प्रत्येक नावाची एक वेगळी प्रत ठेवतो, त्यात हे सगळे पर्याय एकाच रूपात आणलेले. मूळ नाव जसंच्या तसं. नाव लोकांचं आहे, ते आम्ही बदलायचं नाही.

मराठी आडनाव सापडत नाही म्हणून एखाद्या माणसाला 'तुमची मालमत्ता नोंदलेली नाही' असा संदेश गेला असता, ही गोष्ट मला दिवसभर टोचत होती.

११ ऑक्टोबर

पावतीच्या पीडीएफमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडत होती. जे साधन वापरत होतो त्याला देवनागरीची जुळणी येतच नाही. ब्राउझरकडूनच पान छापून घेतो आता. सुटलं.

१८ ऑक्टोबर

आज खिडकीशेजारी बसून लोक कसे भरणा करतात ते बघायचं ठरवलं होतं. साडेअकराच्या सुमाराला एक आजी आल्या. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली बिलं. पाचशेच्या दोन नोटा काढून काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "बाबा, एवढे घ्या, उरलेले संक्रांतीला देते."

खिडकीतल्या मुलानं थकबाकी सांगितली. त्या ऐकून घेत होत्या, काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तू नवी दिसतीस. मला सांग, माझ्या शेजाऱ्यानं माडी बांधली, त्याला माझ्याहून कमी पट्टी. असं कसं गं?"

मी बिल हातात घेतलं. चालू वर्षाचा मालमत्ता कर ३,५६४ रुपये. घर कौलारू, दोन खोल्या. त्यांना श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १५०० मिळतात, तेवढंच उत्पन्न. म्हणजे दोन महिन्यांच्या पैशांपेक्षा जास्त नुसती पट्टी, वर मागची थकबाकी, वर शास्ती.

काकांकडून किल्ली घेतली आणि आजींसमोरच रजिस्टर काढलं. क्षेत्रफळाच्या रकान्यात २२०. रकान्याचं शीर्षक: चौ.मी.

काकांनी चष्मा वर केला. "दोन खोल्या दोनशेवीस मीटर?" आजी म्हणाल्या, "अकरा बाय दहाच्या दोन खोल्या हायेत. माझ्या सासऱ्यानं मोजून बांधल्या."

अकरा बाय दहा फूट, दोन खोल्या, २२० चौरस फूट. कुणीतरी फुटाचा आकडा मीटरच्या रकान्यात लिहिला होता. मी तिथेच काकांच्या कागदाच्या पद्धतीनं हिशेब मांडला. नोंदीप्रमाणे: २२० चौ.मी., कौलारू निवासीचा दर महिन्याला ६ रुपये, वर्षाचं भाडेमूल्य १५,८४०, दहा टक्के वजा होऊन १४,२५६, त्यावर २५ टक्के, ३,५६४. बरोबर आकडा घेतला तर २२० चौरस फूट म्हणजे २०.४४ चौ.मी. भाडेमूल्य १,४७१ रुपये ६८ पैसे, वजावटीनंतर १,३२४ रुपये ५१ पैसे, कर ३३१ रुपये.

३३१. आजींनी दोन्ही आकडे माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. मग हजार रुपये परत पिशवीत ठेवले आणि विचारलं, "मंग मी कुणाला सांगायचं?"

याचं उत्तर त्या खिडकीवर कुणाकडेच नव्हतं. माझ्या चार ओळींच्या कामातही नव्हतं. आजी चार वर्षं थकबाकीदार म्हणून यादीत होत्या. त्यांना हिशेब कुणी दाखवला नव्हता, एवढंच.

१९ ऑक्टोबर

रात्री झोप लागली नाही. सकाळी सगळ्या मालमत्तांची क्षेत्रफळं प्रभागवार मांडून बघितली. सगळीकडे निवासी घरांचा मोठा गठ्ठा २० ते ८० चौ.मी. मध्ये. एका प्रभागात एका सलग पट्ट्यात एकही आकडा १०० च्या खाली नाही. रजिस्टरची पानं १४० ते १६२. तेवीस पानं, पानावर अठरा नोंदी, ४१४ मालमत्ता. पाहणीच्या वेळी एका गटानं फूटपट्टीनं मोजलं असणार आणि एकक बदलायचं राहिलं.

ऑफिसमध्ये हा प्रभाग 'न भरणारा' म्हणून ओळखला जातो. थकबाकीच्या यादीत सगळ्यात वर. गेल्या वर्षी तिथे जप्तीच्या नोटिसा गेल्या होत्या.

४१४ च्या ४१४ चुकीच्या असतील असं मी म्हणत नाही. काही मोठे वाडे खरोखर २०० मीटरचे असतील. पण मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि घरमालकानं सांगितल्याशिवाय आपण कुठे मोजायचं हेही कळणार नाही.

२५ ऑक्टोबर

आज बैठक: मुख्याधिकारी मॅडम, कर अधीक्षक, काका आणि आम्ही. मी दोन गोष्टी मागितल्या. एक, बिलाच्या खाली संपूर्ण हिशेब, काकांच्या कागदासारखा, ओळीनं. दोन, प्रत्येक ओळीसमोर 'हे बरोबर नाही' असं बटण, म्हणजे ऑनलाइन हरकत. आणि स्वयंघोषणेचा अर्ज दुसऱ्या टप्प्यातून पहिल्यात आणायचा, कारण क्षेत्रफळ चुकलंय म्हणणाऱ्या माणसाला बरोबर क्षेत्रफळ भरायला जागा हवी.

अधीक्षक साहेबांचा विरोध होता आणि तो मला समजतो. ते म्हणाले, "मॅडम, दार उघडलं की सगळं गाव आत येईल. मार्चमध्ये मी हरकती ऐकू की वसुली करू?" त्यांच्यावर उद्दिष्टाचा दाब आहे. पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराच्या वसुलीत वाढ ही अट घातली आहे, वसुली कमी पडली तर गावाच्या गटारींचे पैसे अडतात. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, त्यांना रोज वरून फोन येतात.

मी आयकराचं उदाहरण दिलं. आयकराच्या पोर्टलवर नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस मिळतं. तुमच्या खात्यातलं व्याज, लाभांश, शेअरची विक्री, जे जे विभागाला कळलंय ते सगळं ओळीओळीनं असतं आणि प्रत्येक ओळीवर करदात्याला कळवता येतं की ही माहिती चूक आहे, माझी नाही, किंवा दोनदा आली आहे. एवढा मोठा विभाग आपल्याकडची माहिती लोकांसमोर ठेवून तपासून घेतो, तर अकरा हजार घरांच्या नगर परिषदेलाही ते जमेल.

अधीक्षक साहेब गप्प बसले, पण पटलेलं दिसलं नाही. मग काका उठले, दार उघडून बाहेरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा फलक आहे, कुठली सेवा किती दिवसांत, कोण अधिकारी. कराच्या सेवांमध्ये दोन ओळी: 'स्वयंमूल्यांकन' आणि 'आक्षेप नोंदविणे'. काका म्हणाले, "साहेब, हे आपण आधीच भिंतीवर लिहिलंय. आता फोनमध्ये लिहायचं, एवढंच."

मॅडम म्हणाल्या, "करा." अट एक: हरकत घेतली तरी बिल थांबणार नाही, माणसाला हवं तर वाद नसलेली रक्कम भरता यायला हवी. ही अट मला मान्य आहे, मी स्वतःही तीच मागितली असती.

२० नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिला पूर्ण आठवडा. एसएमएस.

मराठी संदेशात एका भागात ७० च अक्षरं बसतात, इंग्रजीत १६०. त्यात काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते, 'क्षीरसागर' म्हणजे नऊ. लांब केला तर प्रत्येक भागात ६७. मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि बदलत्या जागेत, म्हणजे नावाच्या जागेत, ३० अक्षरांची मर्यादा. आपल्याकडे 'कै.' पासून सुरू होऊन वडिलांचं नाव, आडनाव आणि 'व इतर ४' पर्यंत जाणारी नावं आहेत. म्हणून नाव काढून टाकलं, मालमत्ता क्रमांक ठेवला. अंतिम मजकूर: घर क्रमांक, बिल तयार आहे, हिशेब पाहा, चूक असल्यास हरकत नोंदवा, आणि दुवा. दोन भागांत बसवला. 'हरकत नोंदवा' हे शब्द काढून एका भागात बसवावं असं सुचवलं गेलं होतं. नाही म्हटलं.

८ डिसेंबर

स्वयंघोषणेचा अर्ज पाच जणांना भरायला दिला: एक किराणा दुकानदार, एक रिक्षावाले, एक शिक्षिका, बारावीतला एक मुलगा आणि काकांच्या पत्नी. कुणालाही काही समजावून सांगायचं नाही, फक्त बघायचं.

'बांधकामाचा प्रकार' इथे चौघं अडकले. 'लोड बेअरिंग' म्हणजे काय ते शिक्षिकेलाही सांगता आलं नाही. आता शब्दांसोबत फोटो: स्लॅबचं, विटांच्या भिंतीवर पत्र्याचं, कौलारू, मातीचं. फोटो याच गावातले, मी आणि सहकारीनं शनिवारी फिरून काढलेले, घरमालकांना विचारून.

क्षेत्रफळ: आधी 'चौ.मी.' मध्ये मागत होतो. पाचपैकी पाचांनी फुटातला आकडा भरला. एकही अपवाद नाही. पाहणीच्या त्या गटाची चूक नेमकी कुठून आली ते माझ्या डोळ्यासमोर पुन्हा घडलं. आता खोलीची लांबी आणि रुंदी फुटात विचारतो, गुणाकार आणि मीटर यंत्रणा करते, आणि खाली लिहिते: 'तुमच्या दोन खोल्या मिळून २२० चौ. फूट, म्हणजे २०.४४ चौ.मी.' नोंदीतला आकडा याच्या दहापट असला तर पुढच्या ओळीत स्पष्ट सांगते की नोंदीत फूट-मीटरची गल्लत असू शकते.

'मालक' आणि 'भोगवटादार' वेगळे. रिक्षावाल्यांचं घर अजून आजोबांच्या नावावर आहे, आजोबा १९९८ मध्ये गेले. वारस नोंद झालेली नाही म्हणून त्यांना हरकत घेता येऊ नये हे मला पटत नाही. जो राहतो आणि जो पैसे भरतो, त्याला विचारता आलं पाहिजे. भोगवटादारालाही हरकतीचा हक्क दिला.

२४ जानेवारी २०२४

ऑफिस रिकामं. राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण कालपासून सुरू झालं आहे, करविभागातले चार जण प्रगणक म्हणून घरोघरी. काम थांबलं नाही, फक्त विचारायला कुणी नाही. काका संध्याकाळी फोन करतात, पाय दुखतात म्हणतात.

५ फेब्रुवारी

आज यंत्रणा सुरू झाली. समारंभ नव्हता. मॅडमनी पहिलं बिल स्वतःच्या भाड्याच्या घराचं उघडलं आणि हिशेब वाचला.

संध्याकाळपर्यंत ३१ भरणा, २ हरकती. एक आजींच्या नातवाची, त्यानं आजीच्या फोनवरून खोल्यांची मापं टाकून फोटो जोडले. दुसरी एका दुकानदाराची: त्याचं दुकान बंद पडून घर झालंय, अजून बिगरनिवासी दरानं आकारणी.

१२ फेब्रुवारी

आठवड्यात ५८ हरकती. गाव आत आलं नाही, दारात रांग लागली, तीही शिस्तीत. ५८ पैकी ३७ त्या तेवीस पानांतल्या. अधीक्षक साहेब हे आकडे घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि उभ्यानंच बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, या प्रभागाला मी तीन वर्षं नोटिसा काढतोय." त्यांचा आवाज उतरला होता. मला त्यांना काय बोलावं सुचलं नाही. मी त्यांना मोजणीचं वेळापत्रक दाखवलं.

१८ मार्च

शनिवारी लोकसभेची आचारसंहिता लागली. कर्मचाऱ्यांचं पुन्हा निवडणुकीचं प्रशिक्षण. मोजणी काका आणि एक कंत्राटी मुलगा, दोघंच. काका टेप धरतात, मुलगा फोनवर आकडे टाकतो. आजवर ९६ घरं मोजली, ८९ मध्ये फूट-मीटरची चूक निघाली, ७ वाडे खरोखर मोठे होते.

३१ मार्च, रविवार

रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं, म्हणजे तारखेनं एप्रिल.

रविवार असूनही भरणा केंद्र उघडं होतं. ऑनलाइनवर संध्याकाळी सातनंतर गर्दी, साडेअकराला सर्वाधिक. सर्व्हर टिकला. पण एका बँकेकडून उत्तरं उशिरा येत होती: माणसाच्या खात्यातून पैसे गेले आणि आमच्याकडे 'यशस्वी' यायला सात, आठ, बारा मिनिटं.

यासाठी आधीच दोन नियम लिहिले होते आणि आज दोन्ही कामाला आले. पहिला: बँकेचं स्पष्ट उत्तर येईपर्यंत कधीही 'अयशस्वी' दाखवायचं नाही. 'तुमचा भरणा तपासला जातोय, पुन्हा पैसे भरू नका' असं मोठ्या अक्षरात. नाहीतर घाबरून माणूस दुसऱ्यांदा भरतो. दुसरा: पावतीची तारीख आमच्याकडे उत्तर आलं ती धरायची नाही, नागरिकाच्या खात्यातून पैसे निघाले ती धरायची. ११:५८ ला पैसे भरलेल्या माणसाला १२:०६ च्या उत्तरामुळे पुढच्या वर्षात ढकलायचं आणि शास्ती लावायची, हे आम्ही होऊ देणार नाही.

१४ व्यवहार अजून अडकलेले. त्यांचे क्रमांक वेगळे काढले. सगळ्यांना संदेश पाठवला. आता घरी.

३ एप्रिल

बँकेच्या विवरणाशी ताळमेळ. १४ पैकी ११ ची रक्कम आली, पावत्या ३१ मार्चच्या तारखेनं काढल्या. ३ ची आली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अडकलेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी, नाही गेली तर दिवसाला १०० रुपये भरपाई. त्या तिघांना हे फोन करून सांगितलं. एक गृहस्थ म्हणाले, नगर परिषदेतून असा फोन मला पहिल्यांदाच आला.

१६ एप्रिल

पहिल्या ८९ मालमत्तांच्या दुरुस्तीच्या आदेशावर मॅडमची सही झाली. मागच्या वर्षांची जास्तीची मागणी आणि तिच्यावरची शास्ती वजा. ज्यांनी चुकीच्या बिलाप्रमाणे पैसे भरले होते, त्यांची जास्तीची रक्कम पुढच्या बिलांत जमा.

दुपारी आजींच्या घरी गेलो, काका आणि मी. नवं बिल छापून नेलं होतं. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणून नातवानं वाचून दाखवलं. क्षेत्रफळ, दर, बारा महिने, दहा टक्के वजा, पंचवीस टक्के. ३३१ वर आल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्हा वाच." त्यानं पुन्हा वाचलं. मग आत गेल्या आणि गुळाचा चहा केला.

परत येताना काकांनी विचारलं, बाकीची घरं कधी. हरकत न घेतलेलीही मोजायची असं मॅडमनी ठरवलंय. ४१४ वजा ९६, ३१८ उरली. काका निवृत्तीपर्यंत पुरी करणार म्हणतात, मी म्हटलं पावसाळ्याआधी.

उद्या: पान १४७ पासून. टेप नवी घ्यायची आहे, जुनीवरचे फुटाचे आकडे पुसले गेलेत.